अर्धी वाचलेली लढाई

लग्न होऊन चांगुणाबाई खर्ड्याच्या शिवारातल्या वस्तीवर आली, तेव्हापासून किल्ला तिच्या डोळ्यांसमोर होता. खुरपताना मान वर केली की तट दिसायचा. सासू त्याला नुसती गढी म्हणायची आणि तिकडं शेरडं नेऊ नको, पडक्या भिंतीत जनावर असतं, एवढंच बजावायची. तिथं कधीकाळी मोठी लढाई झाली होती हे चांगुणाबाईला माहीत होतं. पण दुसऱ्या तालुक्यात पाऊस पडल्याचं आपल्याला माहीत असतं, तसं.

पुस्तकांचा नाद सुनेमुळं लागला. रुपाली लग्नात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन आली होती. परीक्षा हुकली, मग पोरं झाली, पेटी माळ्यावर गेली. एका उन्हाळ्यात वाळवीच्या भीतीनं चांगुणाबाईनं ती खाली काढली, पुस्तकं अंगणात उन्हाला घातली आणि शेरडांनी खाऊ नयेत म्हणून राखण बसली. बसल्याबसल्या एक उघडलं. शाळा सातवीतच सुटलेली. आधी ओळीखाली बोट फिरवत वाचलं, मग बोट कधी थांबलं ते कळलं नाही. दिवेलागणीला रुपालीनं पुस्तकं गोळा केली तेव्हा एक कमी भरलं. ते सासूच्या मांडीवर होतं.

"ह्यात मानसंच न्हाईत गं," चांगुणाबाई म्हणाली. "नुसती सालं अन् तह. राजा आला, राजा गेला. त्याच्या बैलांस्नी वैरन कोन घालीत हुतं?"

रुपाली हसली, पण दुसऱ्या आठवड्यात सासूला स्कूटीवर बसवून गावातल्या वाचनालयात घेऊन गेली. ते वाचनालय शामकांतसर चालवायचे. निवृत्त शिक्षक, बारीक चणीचे, बोलायला जरा तुसडे. आलेली बाई पोथी मागेल अशा हिशोबानं ते कपाटाकडं वळले, तर बाई म्हणाली, "लढायांचं द्या. पन त्यात लोकं पायजेत."

तेव्हापासून दुपारची भाकरी झाली, शेरडं सावलीला बसली, की चांगुणाबाई विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली पुस्तक घेऊन बसायची. जशा बाया मालिका बघतात, तशी ती इतिहास वाचायची. कोण फितूर झालं, कोण ऐनवेळी पोचलं, कुणी भावाला दगा दिला, ह्यात ती गुंतून जायची, एखाद्या सरदाराला भर दुपारी मोठ्यानं शिवीही हासडायची. जेवताना मग घरच्यांना सगळं सांगायची. नवरा राम जिवंत होता तेव्हा तो घास हातात धरून ऐकत बसायचा. तो गेल्यावर ऐकायला मुलगा सुनील उरला. सुनील ऐकायचा, पण निम्मं लक्ष मोबाईलमध्ये.

त्या वर्षी चैत्रात मात्र त्यानं मोबाईल बाजूला ठेवला. कारण चांगुणाबाईच्या हाती खर्ड्याच्याच लढाईचं पुस्तक लागलं होतं.

"आपल्या हितंच रं," ती ताटात भाकरी टाकत म्हणाली. "ह्याच माळावर. पेशव्याच्या बाजूनं शिंदे, होळकर, भोसले, समदे एक झालेले. निजाम घाबरला अन् रातोरात किल्ल्यात शिरला. मग काय! ह्यांनी चारी बाजूंनी वेढा दिला. आत पानी न्हाई. मानसं, हत्ती, घोडी, समदी तहानेनं व्याकूळ. शेवटी आला की शरन. तोंडातून चकार शब्द न काढता म्हनंल ते लिहून दिलं."

"पानी तोडलं आन् काम झालं," सुनील म्हणाला.

"व्हय. पान्यानंच मोडला त्याला."

चांगुणाबाईच्या आवाजात अभिमान होता. इतकी वर्षं उगाच उभा असलेला तट त्या रात्री तिला आपला वाटला. सुनील जेवण झाल्यावरही बराच वेळ तसाच बसून राहिला, बोटानं ताटातली आमटी ओढत. त्याच्या डोक्यात काय शिजतंय हे तिला कळायला हवं होतं.

कारण सुनीलची सूर्यभानशी बोलाचाली बंद होती. सूर्यभान त्यांच्याच भावकीतला, रामचा चुलतभाऊ. दोन्ही घरांची विहीर सामायिक. वाडवडलांनी मिळून खोदलेली. एक दिवस ह्यांची पाळी, एक दिवस त्यांची, आणि त्यावरून आजवर कधी वर आवाज झाला नव्हता. भांडण होतं ते वाटेचं. सुनीलच्या मळ्यात टेम्पो न्यायचा तर सूर्यभानच्या बांधाकडेनं जाणारी जुनी गाडीवाट तेवढी होती. सूर्यभाननं लिंबोणीची बाग वाढवली, नवी रोपं लावली आणि वाट नांगरून टाकली. सुनीलचा कांदा काढायला आला होता. टेम्पो आत येणार कुठून? तो दोनदा विचारायला गेला, दोनदा सूर्यभान म्हणाला, "माझ्या रानातनं न्हाई. तुझी वाट तू बघ."

विहीर सामायिक असली तरी मोटारीची स्टार्टरपेटी सुनीलच्या छपरात होती. किल्ल्याची गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुनीलनं त्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

चांगुणाबाई लिंबाखाली येऊन बसली तेव्हा सूर्यभान छपरासमोर उभा होता. त्याची पाळी होती.

"कुलूप का लावलंस?"

"माझ्या रानातली पेटी हाय. तुमची वाट तुमी बघा, नाना."

सूर्यभाननं कुलूप एकदा ओढून बघितलं. मग तो पाठ फिरवून निघून गेला. ओरडणारा माणूस परवडतो. असा मुकाट जाणारा परवडत नाही.

"काय केलंस हे?" तिनं सुनीलला विचारलं.

"तूच तर सांगितलंस. पानी बंद केलं की सरळ येतो मानूस. आठ दिवसांत वाट दिल बघ."



पुढचे दिवस वाईट गेले. सूर्यभानच्या बोअरनं फाल्गुनातच मान टाकली होती. बाग पिवळी पडू लागली, पानं आवळून आली. दावणीच्या गायी हंबरायच्या आणि ते हंबरणं बांध ओलांडून थेट लिंबाखाली यायचं. सूर्यभानची बायको कडूबाई वस्तीपलीकडच्या हापशावरनं डोक्यावर हंडे आणायची. दोघी एकाच साली ह्या वस्तीवर नांदायला आलेल्या, एकीच्या बाळंतपणाला दुसरी धावलेली. आता कडूबाई बांधावरून जाताना मान वळवायची नाही. हंडा डचमळून पाणी तिच्या पाठीवर सांडायचं आणि ती तशीच पुढं जायची.

चांगुणाबाई पुस्तक उघडायची आणि तेच पान पुन्हा वाचायची. किल्ल्यातल्या तहानेचं वर्णन तिनं आधी वाचलं होतं तेव्हा ते शत्रूचे हाल होणं होतं, त्यात एक गोडी होती. आता त्याच ओळीत तिला गायी दिसायच्या. आत अडकलेल्यांत पखाली वाहणारे असतील, माहूत असतील, रांधणाऱ्या बाया असतील. त्यांनी कुणाची वाट अडवली होती? पुस्तकात त्यांच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. लढाई जिंकली, तह झाला, आनंदीआनंद झाला, की प्रकरण संपत होतं. पुढच्या पानावर भलतंच काही सुरू होत होतं.

तिनं पुस्तक मिटलं, पदर खोचला आणि गावात चालत गेली.

शामकांतसर वर्तमानपत्रं दोऱ्यानं बांधत होते. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"ह्याच्या पुढं काय झालं, सर?"

"कशाच्या पुढं?"

"निजामानं लिहून दिलं. मग? दिलं का त्यानं समदं?"

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. उभ्याउभ्याच त्यांनी कपाटातून दुसरं जाड पुस्तक काढलं, पण हातात देईनात. "चांगुणाबाई, घरी सगळं ठीक आहे ना? सुनीलचं नि सूर्यभानचं काहीतरी ऐकलं मी."

"तुमी आधी सांगा."

"फार काही हाती लागलं नाही," सर म्हणाले. "त्याच वर्षी तरुण पेशवा वाड्यावरून पडून गेला. गादीवर कोण बसणार ह्यावरून जिंकलेल्यांतच भांडणं लागली. निजामाच्या कारभाऱ्याला मराठ्यांनी ओलीस म्हणून पुण्यात आणून ठेवलं होतं. त्यानं त्या भांडणात हात घातला आणि गमावलेलं बहुतेक सगळं परत मिळवलं. स्वतःही सुटला. सगळे सरदार एकत्र येऊन लढले ती जवळजवळ शेवटची लढाई."

चांगुणाबाई बाकावर बसली. "म्हंजी लोकं तहानेनं मेली ती कशापायी?"

"त्याचं उत्तर इतिहासात नसतं. आणि हे बघा," सर जरा कडक आवाजात म्हणाले, "पुस्तकातली लढाई बांधावर नेऊ नका. तिथं निजाम नाही आणि इथं पेशवा नाही. ओढूनताणून धडा काढला की गफलत होते."

"मी न्हाई नेली, सर," ती म्हणाली. "पोरानं नेली. मी अर्धीच सांगितली हुती."

सरांनी मग पुस्तक तिच्या हातात दिलं.

त्या संध्याकाळी तिनं सुनीलला बसवून घेतलं आणि उरलेली गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं, पोरगा ऐकेल. गोष्ट नेहमी ऐकायचा. पण दोन वाक्यं झाली नाहीत तोच तो उठला.

"तुला कडूकाकीचा पुळका आलाय, सरळ सांग ना. निजाम कशाला मधे आनतीस?"

"तूच आनला मधे."

"माझा कांदा रानात सडाय लागलाय! त्याच्यावर एक तरी पुस्तक हाय का तुझ्याकडं?"

त्याचंही खोटं नव्हतं. काढलेला कांदा पातीखाली झाकून पडला होता, आभाळ अधूनमधून भरून यायचं आणि एक वळवाचा पाऊस आला असता तर सगळा मळा नासला असता. डोक्यावर किती वाहणार? रुपाली दाराआड उभी होती. नवऱ्याची बाजू घ्यावी की सासूची हे तिला ठरवता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आई, आज नका बोलू."

चांगुणाबाईनं अंथरूण टाकलं. पडल्यापडल्या ती विचार करत राहिली. सर म्हणाले ते बरोबर होतं, हा निजाम नव्हता. निजाम शरण आला कारण त्याला हैदराबादला परत जायचं होतं. सूर्यभान कुठं जाणार? तो हरला तरी इथंच राहणार, बांधाला बांध लावून, त्याची पोरं, सुनीलची पोरं. हरलेला माणूस समोर ठेवून जगायचं म्हणजे काय, ह्याचं पुस्तक कुणी लिहिलं असेल का, ते तिला माहीत नव्हतं.

मग ती दुपार आली.

वीज नुकतीच आली होती. सुनील छपरात विळे घासत होता, चांगुणाबाई लिंबाखाली होती. बांधावरून सूर्यभान येताना दिसला. त्याच्या हातात पहार होती. मागं कडूबाई पळत येत होती, "आवो नका, आवो ऐका," असं म्हणत, आणि धाप लागून तिला पुढचं बोलता येत नव्हतं.

सुनील उठला. त्यानं विळा खाली टाकला आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली.

"सरक," सूर्यभान म्हणाला. "सकाळी काळी गाय बसली ती उठली न्हाई. सरक, सुन्या."

"पाऊल टाकून बघा पुढं."

"टाकतो."

दोघांत हातभर अंतर राहिलं होतं. सुनीलच्या मानेची शीर तट्ट फुगली होती. चांगुणाबाई मध्ये जाऊन उभी राहिली. तिला बोलायचं होतं पुष्कळ, शब्द ओठावर होते, आणि त्याच क्षणी तिला कळलं की ह्यातलं कुणी एक अक्षर ऐकणार नाही.

"आई, बाजूला हो!"

तिनं सुनीलकडं पाठ केली. सूर्यभानच्या हातातल्या पहारीला हात घातला.

"द्या भावजी."

"वैनी, तुमी मधे पडू नका."

"द्या म्हनते ना."

तो इतका गोंधळला की त्याची मूठ सैल झाली. पहार जड होती. चांगुणाबाईनं ती दोन्ही हातांनी पेलली, पेटीपाशी गेली, टोक कुलपाच्या कडीत घातलं आणि सगळं अंग टाकून दाबलं. पहिल्यांदा घसरलं, तिच्या मनगटाला खरचटलं. सुनील ओरडला, "आये!" पण कुऱ्हाड हातात धरून तो पुढं येऊ शकत नव्हता. दुसऱ्यांदा कडी वाकली. तिसऱ्यांदा कुलूप तुटून पायाशी पडलं. तिनं पेटी उघडली आणि हिरवं बटण दाबलं. विहिरीत मोटार घुरघुरली.

"व्हॉल्व फिरवा तुमच्या अंगाला," ती सूर्यभानला म्हणाली. "आज पाळी तुमची हाय."

सूर्यभान जागचा हलला नाही. फिरवला तो कडूबाईनं. पाईप आधी नुसता फुसफुसला, मग त्यातून गढूळ पाणी आलं. कडूबाईनं ओंजळ भरून तोंडावर मारली आणि गोठ्याकडं पळाली.

सुनीलनं कुऱ्हाड छपराच्या मेढीत मारली. पातं लाकडात रुतून बसलं. "शाबास," तो आईला म्हणाला. "दिलंस पानी. आता दिली का त्यानं वाट? विचार की. विचार!"

चांगुणाबाईनं सूर्यभानकडं पाहिलं. त्यानं नजर उचलली नाही. पहार उचलून खांद्यावर टाकली आणि बांध उतरून गेला. वाटेबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

ते तिच्या जिव्हारी लागलं. पाणी सोडल्याबरोबर समोरचा माणूस वितळेल, असं कुठंतरी तिला वाटलं होतं. मनगटाचं रक्त पदरानं पुसत ती लिंबाखाली येऊन बसली. पुस्तक तिथंच पालथं पडलं होतं. तिनं ते उचललं नाही.

काळी गाय दुसऱ्या दिवशी मेली. सुनील आईशी बोलेनासा झाला. जेवायला बसला तरी ताट रुपालीकडून घ्यायचा. नवं कुलूप मात्र त्यानं लावलं नाही. का लावलं नाही, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. रोज दुपारी ढग जमायचे, अंधारून यायचं, सगळी वस्ती वर बघायची, आणि वारा ढग हाकून न्यायचा. सुनील कांद्यावर ताडपत्री ओढायचा, पुन्हा काढायचा. चांगुणाबाईला वाटायचं, पाऊस आला आणि मळा नासला तर हा पोरगा आपल्याला जन्मात माफ करणार नाही. आणि तिला हेही वाटायचं की पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा तेच करू. दोन्ही गोष्टी ती मनात वागवत राहिली.

एका सकाळी रुपाली तिच्याजवळ येऊन बसली. "ह्यांनी काल ते जाड पुस्तक उघडलं हुतं," ती हळूच म्हणाली. "जेवन झाल्यावर. तुमी खूण घातलीय तिथनं वाचत हुते. मला बघितलं आन् ठिवून दिलं."

"काय म्हनला?"

"काय न्हाई. लई बारीक टाईप हाय म्हनले."

चांगुणाबाईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

त्याच दिवशी उन्हं कलायच्या आधी कडूबाई बांधावर आली. आत आली नाही, तिथूनच हाक मारली. "अक्का, सुनीलला म्हनावं टेम्पो बोलीव. आभाळ बरं न्हाई दिसत."

"भावजी म्हनलं?"

"ते काय म्हनत्यात व्हय कधी? पन बागंतल्या कडंच्या रोपांची आळी आत सरकवल्यात त्यांनी, वाटंपुरती. सकाळधरनं तेच करत्यात."

सुनीलनं ऐकलं होतं. त्यानं कुणाकडं न बघता फोन लावला.

टेम्पो आला तेव्हा किल्ल्यामागचं आभाळ काळंनिळं झालं होतं. कांद्याच्या गोण्या भराभर चढल्या, कडूबाईही पदर खोचून आली आणि गोण्या शिवू लागली. भरलेला टेम्पो बांधाकडेला लागला. एका बाजूला पाण्याची खोल चारी, दुसऱ्या बाजूला लिंबोणीची कोवळी रोपं, आणि मधे जेमतेम चाकं मावतील एवढी नरम माती. डावं चाक थोडं इकडं गेलं असतं तर टेम्पो चारीत, उजवं तिकडं गेलं असतं तर रोपं गेली. आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

सुनील स्वतः चालवत होता. चांगुणाबाई बांधावर उभी राहिली, हात पदराखाली आवळून. सूर्यभान टेम्पोच्या पुढं उलटा चालत निघाला. त्यानं सुनीलच्या तोंडाकडं पाहिलं नाही, फक्त चाकांकडं.

"डावीकडं," तो म्हणाला.

सुनीलनं चाक वळवलं.

"आजून. बास. हळू."

टपोरे थेंब पडायला लागले. टेम्पो एका अंगाला कलला, गोण्या करकरल्या, कडूबाईनं डोळे झाकले. सूर्यभाननं हात वर केला आणि टेम्पो थांबला. तो खाली वाकला, एका रोपाची फांदी चाकापासून अलगद मागं ओढून धरली आणि तशीच धरून ठेवली.

"आता ये," तो म्हणाला. "सरळ ये."